ओढणीत मावणारी इंजिनं

माझ्या धाकट्या जावेच्या माहेरी, श्रीरामपूरला, बरीच वर्षं अशी समजूत होती की मी रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर आहे. "रझियाभाभी इंजिनं घेते आणि विकते," एवढंच कुणीतरी तिथे सांगितलं होतं. पुढचं सांगायचं राहून गेलं. एक दिवस तिचे मामा पेढ्यांचा पुडा घेऊन नगरला आमच्या दारात उभे. मुलाच्या लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं आणि सगळी तिकिटं वेटिंगला अडकली होती.

"भाभी, जास्त काही नको," मामा अगदी हळू आवाजात म्हणाले, "एक डबा तेवढा जादा जोडून द्या."

मी त्यांना दुकानात नेलं. काचेच्या कपाटातून एक इंजिन काढून तळहातावर धरलं आणि म्हटलं, "मामा, हे माझं इंजिन. ह्याला जोडा डबा."

मामांनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "ह्याच्यात तर नवरदेवाचा बूटसुद्धा बसायचा नाही!" आणि हसता हसता त्यांना असा ठसका लागला की पेढा मलाच त्यांना भरवावा लागला.

तर माझा धंदा हा. खरी रेल्वे पाहून हुबेहूब घडवलेली, ओढणीत गुंडाळून नेता येतील अशी छोटी इंजिनं. जुनी, परदेशातून कधीकाळी आलेली. ती विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि ज्यांना त्यांचं वेड आहे त्यांना विकायची. ह्या धंद्यावर आमच्या घराच्या वरचा मजला उभा आहे, हे सांगितलं की लोक वरच्या मजल्याकडे संशयाने बघतात. तो पडेल की काय, असं.

अब्बांचं माळीवाड्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर उघडायची, आतली तांब्याची तार काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची. पंप आणि पंखे अब्बा करायचे. मिक्सरची आणि त्याहून लहान मोटर माझ्याकडे, कारण माझी बोटं बारीक आणि चिकाटी दांडगी. केसासारखी तार तुटू न देता शेकडो वेढे घालायचे म्हणजे मधे कुणी "चहा घेणार का?" विचारलं तरी पहिल्यापासून सुरू. लग्नानंतर दुकान मीच चालवायला घेतलं. आमचे हे टेम्पो चालवतात, त्यांना दुकानात बसवत नाही.

नगरला लष्कराची छावणी असल्यामुळे आमच्या शहरात भलत्या भलत्या वस्तू आल्या आणि राहिल्या. अशाच एका निवृत्त कर्नलसाहेबांनी एकदा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. आत एक काळं वाफेचं इंजिन. मोटर मेलेली. मी आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गाभा, नव्याने गुंडाळलं, कार्बन बदलले, बॅटरी लावली. चाकं फिरायला लागली, तसे साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी इंजिनाला सॅल्यूट ठोकला. समोरचा पानवाला धावत आला, त्याला वाटलं दुकानात कुणी मोठा पाहुणा आलाय. त्या साहेबांनी ही गोष्ट आपल्या दोस्तांना सांगितली. त्या दोस्तांपैकी एकाला इंजिन विकायचं होतं, दुसऱ्याला घ्यायचं होतं, मधे मी उभी होते. धंदा असाच सुरू झाला. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं.

आता ह्या इंजिनांचा भाव कसा ठरतो, ते सांगते. ऐकून हसू नका.

इंजिन चालतं की नाही ह्याला भाव फारसा विचारत नाही. चालू करायला मी बसलेली आहेच. भाव विचारतो तो रंगाला. कारखान्यातून आला तोच रंग अंगावर आहे का? टवके उडालेले चालतील, पण वर दुसरा हात मारलेला नको. मग चाकं मूळची आहेत का, ते बघायचं. मग धातू. काही जुन्या इंजिनांच्या ओतीव धातूला आतून रोग लागतो. बाहेरून ठणठणीत दिसतं आणि हातात घेतलं की खारी बिस्किटासारखा तुकडा पडतो. आणि सगळ्यात शेवटी खोका. हो, ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ते दुकानातून आलं, तो. खोका असेल तर भाव जवळजवळ दुप्पट. लोखंडाला जेवढे पैसे, तेवढेच पुठ्ठ्याला! हे मी पहिल्यांदा आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी आठवडाभर घरातला एकही खोका रद्दीत जाऊ दिला नाही. चपलांचेसुद्धा.

रंगाचा नियम ज्यांना माहीत नसतो त्यांची फार फजिती होते. राहात्याचे पेरूची बाग असलेले बापूसाहेब एकदा आले. वडिलांच्या मागे घरात एक इंजिन सापडलं होतं, फोनवर त्याचं वर्णन ऐकूनच मी खूश झाले होते. पिशवीतून त्यांनी ते काढलं आणि मी डोळे मिटून घेतले. बंगल्याच्या फाटकाला उरलेला झगझगीत हिरवा रंग त्यांनी इंजिनाला दिला होता. ट्रॅक्टरच्या मागे लिहितात तसं मागच्या बाजूला नातवंडांची नावंही घातली होती, चि. ओम, कु. सई. वर हळदकुंकू.

"कसं वाटतंय?" बापूसाहेब छाती पुढे काढून म्हणाले. "विकायला न्यायचं म्हंजी जरा नवं दिसाया पायजे ना!"

मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि मग सगळं सांगितलं. त्यांनी इंजिन उचलून नातवंडांची नावं एकदा वाचली. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी म्हातारपनाला भाव देनारा जगात ह्यो एकच धंदा हाय म्हना की! मंग मलाच ठिवा कपाटात. मला कुनी रंग न्हाई दिला अजून."

इंजिन त्यांनी विकलं नाही. ओम आणि सईला दिलं. मला मात्र त्या वर्षी पेरूची पाटी आली, आणि तेव्हापासून दर वर्षी येते.

ह्या धंद्यात हळहळ वाटावी असंही पुष्कळ आहे. जुने छंदिष्ट एकेक करून जातात. मग परगावाहून मुलांचा फोन येतो, "बाबांची कपाटभर इंजिनं आहेत, सगळ्यांचे मिळून एकदम किती?" ज्या माणसाने एकेका इंजिनासाठी रात्रीची झोप घालवली, त्याचं कपाट असं कांद्याच्या गोण्यांसारखं एकदम उचलायचं माझ्या जिवावर येतं. नवे शौकीन कमी. माल जास्त, गिऱ्हाईक थोडं, त्यामुळे साध्या इंजिनांचे भाव पडत चाललेत. मलाही सुईत दोरा ओवायला आता दोन चष्मे लागतात. पण त्याबद्दल लिहायला मी बसलेली नाही. मला सांगायची आहे कौसल्याबाईंच्या इंजिनाची गोष्ट, कारण तसा दिवस धंद्यात एकदाच येतो.

गणपती नुकतेच गेले होते. पाथर्डीकडच्या एका खेड्यातून एसटीने एक बाई आल्या. साठी ओलांडलेली, नऊवारी, काखेत पिशवी. पिशवीतून आधी भाकरीचं फडकं निघालं, मग टॉवेल, आणि टॉवेलात इंजिन.

"तुमीच का इंजिनवाल्या बाई?" त्यांनी विचारलं. "ह्याचं काय येईल ते बघा."

कौसल्याबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरी बसलेल्या. म्हणजे नावाला बसलेल्या. त्यांच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. पोरं बरोबर गेली की शाळा बुडते. म्हणून कौसल्याबाई शेजारपाजारची पोरं त्या महिन्यांत आपल्या घरी ठेवून घ्यायच्या. आईबाप धान्य देऊन जायचे, ह्या रांधायच्या आणि शाळेत धाडायच्या. आधी दोनतीन पोरं होती. मग त्यांची भावंडं आली, मग भावकीतली.

"मागल्या साली जागा न्हाई म्हनून चार लेकरं परत पाठवली," त्या म्हणाल्या. "उसाच्या फडात गेली ती. त्यातली एक पोरगी दुसरीत हुशार हुती. तिला न्हाई म्हनताना माझी जीभ चरचरली बघा. औंदा दसऱ्याच्या आत पत्र्याचं शेड घालायचंय आन न्हानीघर. मिस्त्री ऐंशी हजार म्हंतोय."

इंजिन त्यांच्या यजमानांचं. ते नगरच्या कॅम्पात एका लष्करी साहेबांकडे स्वयंपाकी होते. साहेबांची बदली झाली तेव्हा जाताना मेमसाहेबांनी ते यजमानांच्या हातात दिलं. यजमान गेले, इंजिन राहिलं. पोरं ते हाताने ढकलून खेळायची.

मी इंजिन उलटंसुलटं करून पाहिलं आणि भिंग काढलं. गडद लाल रंग, मूळचा. धातू निरोगी. चाकं मूळची. हे इंजिन मी तोवर फक्त छापील चित्रात पाहिलं होतं. मोटर तेवढी जळालेली होती.

"चाळीस हजारांपर्यंत जाईल," मी सांगितलं. "खोका आहे का ह्याचा? पुठ्ठ्याचा?"

"पुठ्ठा कोन जपून ठेवतंय, बाई!" त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "चाळीस म्हंजी निम्मं शेड. चालंल. निम्म्यात बी पोरं मावत्याल." आणि लगेच इंजिन परत टॉवेलात गुंडाळायला लागल्या.

"अहो, ठेवून जा की इथे."

"न्हाई. पोरांना सांगून आलेय, सांजच्याला परत आनते म्हनून. आन एक सांगते. ह्याला पळताना आजवर कुनी बघितलं न्हाई. घेनाऱ्याला म्हनावं, गावात ये, पोरांना एकदा पळवून दाखव, मंग ने."

शेवटी तडजोड झाली. मी मोटर काढून ठेवून घेतली आणि बाकीचं इंजिन त्यांच्याबरोबर एसटीत बसलं. काळीज माळीवाड्यात, अंग पाथर्डीला.

मी पुण्याच्या डॉक्टर फाटकांना फोन केला. हे दातांचे डॉक्टर. माझं सगळ्यात जुनं, सगळ्यात वेडं आणि घासाघीस करण्यात सगळ्यात चिवट गिऱ्हाईक. इंजिनांबद्दल त्यांना माझ्याएवढंच कळतं, कधीकधी जास्त. मी रंग सांगितला. पलीकडे एक हत्यार ट्रेमध्ये खणकन पडलं. मग लांबून कुणाचा तरी "आँ आँ" आवाज आला.

"डॉक्टर, पेशंट आहे का खुर्चीत?"

"आहे. त्याला म्हटलं, तोंड उघडं ठेव, आलोच. रझियाताई, ते कुणाला दाखवू नका!"

आठवड्याने मोटर तयार झाली आणि डॉक्टर गाडी घेऊन नगरला हजर. ह्या वेळी बरोबर पत्नी होत्या, सुमेधाताई. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला शांत, आणि नवऱ्याच्या छंदाला कंटाळलेल्या असाव्यात अशी माझी समजूत. "मोहट्याच्या देवीचं दर्शन होईल म्हणून आले," त्या म्हणाल्या. मागच्या डिकीत रुळांचे तुकडे भरलेले होते. डॉक्टर लग्नकार्याला जातानाही रूळ बरोबर ठेवतात.

गावात पोचलो तर मारुतीच्या देवळासमोर जत्रा. पळणारं इंजिन येणार ही बातमी कौसल्याबाईंनी पोरांना सांगितली होती, पोरांनी आईबापांना, आणि आईबापांनी जीपवाल्यांना. हंगामाआधीचे दिवस असल्यामुळे सगळं गाव गावातच होतं.

आधी कौसल्याबाईंच्या घरी, त्यांच्या सुनेच्या हातचा चहा. दोन खोल्या, स्वच्छ सारवलेल्या, भिंतीवर बाराखडी. डॉक्टर बशीतून चहा पीत होते आणि अचानक त्यांनी बशी तशीच हवेत धरली. फळीवर, गुळाच्या डब्याशेजारी, एक निळा पुठ्ठ्याचा खोका. आत पेन्सिली आणि खोडरबर.

"तो... तो खोका," डॉक्टर म्हणाले.

"त्यो व्हय? पोरांच्या पेन्शिलीचा," कौसल्याबाई म्हणाल्या. "साहेबांकडनं आला तवाधरनं तसाच हाय."

मी कपाळावर हात मारला. मी "पुठ्ठ्याचा" म्हटलं होतं, त्यांना वाटलं मी रद्दीचं विचारतेय! खोका खाली काढला. झाकण शाबूत, वरचं चित्र शाबूत. फक्त चारी बाजूंनी निळ्या बॉलपेनने नावं लिहिलेली. पूजा, विशाल, दीक्षा, आकाश, कोमल. त्या घरात राहून गेलेल्या प्रत्येक पोराने आपलं नाव त्यावर घातलं होतं.

डॉक्टरांची जुनी सवय मात्र जाईना. घसा खाकरून म्हणाले, "खोका आहे, हे उत्तम. मात्र ह्यावर लिहिलंय. खोक्यावर शाई म्हणजे किंमत उतरते, रझियाताई, तुम्हीच सांगा. ऐंशीच्या जागी साठ धरू."

आमच्या धंद्याच्या हिशोबाने ते खरं बोलत होते. मला खोटं म्हणता येईना आणि खरं म्हणवेना. कौसल्याबाई मनातल्या मनात साठातून शेड उभं करत होत्या, ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं. सुमेधाताईंनी कप खाली ठेवला आणि खोका हातात घेऊन एकेक नाव वाचायला लागल्या.

देवळासमोरच्या फरशीवर डॉक्टरांनी रूळ जोडले, मोठा गोल केला. वीज गेलेली होतीच. गावचे मुकादम साहेबराव, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे, त्यांनी आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. ट्रॅक्टरची बॅटरी सरळ रुळाला लावली आणि काही चुकलं तर माझी केसासारखी तार क्षणात जळून जाईल. म्हणून मी मधे जीपच्या इंडिकेटरचा बल्ब जोडला. काही चुकलं तर बल्ब पेटेल, मोटर वाचेल.

मी मोटर इंजिनात बसवली, ते रुळावर ठेवलं, तार लावली. बल्ब भक्कन पेटला. इंजिन जागचं हललं नाही.

"पेटला, पेटला!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाच खेळ. मी मात्र इंजिनाला कान लावला. मोटर दुकानात चालली होती. प्रवासात हादरली असेल का? डॉक्टर पोटावर आडवे झाले आणि फरशीला गाल लावून रूळ तपासत सरपटायला लागले. पांढरा शर्ट धुळीने लाल. निम्म्या गोलापर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "पिन! केसांची पिन आहे इथे, दोन रुळांमध्ये! वीज तिच्यातूनच जातेय!"

"आगं बया, माजी!" म्हणत एका लहान पोरीने पुढे होऊन ती उचलली. रूळ वाकून वाकून बघताना तिच्याच केसांतून पडली होती.

बल्ब विझला आणि इंजिन निघालं.

काय सांगू! आधी नुसता चाकांचा किरकिर आवाज. मग तो लाल तुकडा वळणावरून फिरून परत समोर आला आणि जो गलका उठला त्याने देवळावरची कबुतरं उडाली. पोरं गोलाभोवती धावतायत, म्हातारे काठ्या आपटतायत, एक कुत्रं इंजिनावर भुंकत पाठलाग करतंय, आणि इंजिन समोरून परत आलं की तेच घाबरून मागे पळतंय. कौसल्याबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "हे जिवंत हुतं की वो! इतकी वर्सं आमी ह्याला ढकलत बसलो!"

मग साहेबराव मुकादम पुढे आले. पांढरी टोपी सारखी करून म्हणाले, "डाक्टर, किती देताय?"

"साठ ठरलेत," डॉक्टर धूळ झटकत म्हणाले.

"आसं कसं ठरलं? यात्रेतल्या नारळाचा सुदिक आमच्यात लिलाव हुतो. ह्यो तर पळता माल हाय. आपले पासष्ट!"

गाव खदखदलं. डॉक्टरांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा झाला. "सदुसष्ट," ते म्हणाले.

"सत्तर!"

"एकाहत्तर."

मुकादमांनी डॉक्टरांकडे नीट बघितलं, हसले, आणि हात जोडले. "बास. आपल्याला काय त्यातलं कळत न्हाई. कौसाबाईला चार पैसे जास्त मिळावं म्हनून बोललो. वाळूची एक ट्रॉली आपल्याकडनं. घ्या डाक्टर, तुमचं झालं."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि इंजिनाकडे हात नेला.

"पंच्याहत्तर," देवळाच्या ओट्यावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. ओट्यावर, बायकांच्या घोळक्यात, शेंगा सोलत सुमेधाताई बसल्या होत्या.

"अगं, काय बोलतेस!" डॉक्टर म्हणाले. "मीच घेतोय ना!"

"तुम्ही घ्याल तेव्हा घ्याल. मी पंच्याहत्तर म्हटलंय."

"पण आपण एकाच घरातले आहोत!"

"मग घरातल्या घरात काय ती किंमत ठरेल. माझ्या पेन्शनचं खातं वेगळं आहे."

बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की विचारू नका. डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी आभाळाकडे बघितलं. आता खरं तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं. इंजिन घरातच येणार होतं ना! पण लिलावात उभा राहिलेला छंदिष्ट माणूस म्हणजे उतारावर सुटलेली गाडी. त्यांच्या तोंडून गेलंच, "शहात्तर!"

"ऐंशी," सुमेधाताई. एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले.

"ऐंशी... ऐंशी पाचशे!"

"नव्वद."

"सुमेधा, बाजारात ह्याला एवढा भाव नाही! पुन्हा विकायला गेलो तर निम्मे येणार नाहीत!"

"विकायचंय कुणाला? तीस वर्षं तुमची इंजिनं पुसतेय मी. एकाला तरी कधी असं पळताना बघितलंय का? सगळी काचेत. आणि पोरांच्या नावांचे तुम्ही वीस हजार कापलेत. ते मला आवडलेलं नाही. बोला, नव्वदच्या वर बोलताय?"

"ब्याण्णव," डॉक्टर कुजबुजले. त्यांच्या स्वतःच्याही कानांवर त्यांचा विश्वास नव्हता.

"एक लाख."

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. आधी रागाने, मग आश्चर्याने. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की मी चष्मा पुसून परत बघितलं. त्यांनी दोन्ही हात जोडून डोक्यावर नेले. "हरलो, बाई, हरलो!" मुकादमांनी तीन वेळा पुकारा केला, कुणीतरी पोळ्यासाठी आणलेला उरलेला गुलाल उधळला आणि तो बरोबर इंजिनाच्या धुरांड्यावर पडला. मूळ रंगावर गुलाल! पण त्या दिवशी मी तो पुसलासुद्धा नाही.

कौसल्याबाईंनी सुमेधाताईंचे हात धरले. मग म्हणाल्या, "त्या चार लेकरांच्या घरी आत्ताच सांगून येते," आणि चप्पल न घालताच निघाल्या.

इंजिन आणि खोका घेऊन आम्ही गाडीत बसणार, तर पोरं गाडीभोवती उभी. ओरडत नव्हती, रडत नव्हती. नुसती उभी. सुमेधाताईंनी गाडीचं दार उघडं ठेवलं आणि जरा वेळ विचार केला. मग खाली उतरल्या आणि इंजिन परत कौसल्याबाईंच्या सुनेच्या हातात ठेवलं.

"हंगाम असेल तोवर इथे राहू दे. उन्हाळ्यात मी न्यायला येईन."

डॉक्टर गाडीत डोकं धरून बसले. "पोरं त्याचा चुरा करतील. किंमत शून्य होईल, सुमेधा!"

"माझं इंजिन आहे," सुमेधाताई म्हणाल्या. "चला, देवीला उशीर होतोय."

शेड दसऱ्याच्या आत झालं. ती दुसरीतली हुशार पोरगी आणि बाकीची तीन लेकरं पहिल्या आठवड्यातच राहायला आली. उन्हाळा आला तरी इंजिन तिथेच राहिलं. दर हंगामाला मी त्याची मोटर साफ करून देते आणि डॉक्टर नवे रूळ पाठवतात. "नुसते रूळ," असं बजावतात. पण मागच्या थंडीत सुमेधाताईंबरोबर ते स्वतःही आले, म्हणाले नगरला काम होतं. मी आणि सुमेधाताई शेडमध्ये चहा घेत बसलो होतो. डॉक्टरांनी इंजिन उचलून माझ्यापुढे धरलं. धुरांडं वाकलेलं, लाल रंगाचे टवकेच टवके, एका बाजूला खडूने मिशी काढलेली.

"खरं सांगा रझियाताई, आज विकायला काढलं तर काय येईल?"

मी भिंगातून बघितलं. खोटं बोलायची मला सवय नाही. "डॉक्टर," मी म्हटलं, "आज ह्याला भंगारवालासुद्धा विचार करून हात लावेल."

सुमेधाताईंना इतकं हसू आलं की चहा साडीवर सांडला. डॉक्टरांनी एक मोठा उसासा टाकला, इंजिन रुळावर ठेवलं आणि शर्टाची पर्वा न करता पोरांच्या मधे पोटावर पसरले. त्यांचे लांब पाय पलीकडे थेट रुळापर्यंत गेले होते.

"ओ डाक्टर," बटणाशी बसलेली पोरगी ओरडली, "पाय काढा की! गाडी यायलीय!"